लॅपटॉप स्लो झालाय? सांगली-मिरजेत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न विंडोजच्या लॅपटॉपबद्दल आहेत, कारण गणपती पेठेतल्या अडत्यापासून वालचंद कॉलेजच्या होस्टेलवरच्या पोरापर्यंत आपल्याकडे बहुतेकांकडे तोच असतो. पैसे घालण्याआधी दुखणं नेमकं कुठं आहे ते बघायचं, हा या पानाचा एकच आग्रह. बघायला पाच मिनिटं लागतात आणि ते फुकट असतं.

सगळंच स्लो वाटतंय. सुरुवात कुठून करू?

टास्क मॅनेजरपासून, म्हणजे कुठला प्रोग्रॅम लॅपटॉपवर किती ताण टाकतोय ते दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीपासून. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. विंडोज १० मध्ये छोटीशी खिडकी उघडली तर तिच्यात खाली ‘मोअर डिटेल्स’ असेल, त्यावर क्लिक करा. आता वर चार आकडे टक्क्यांत दिसतील: सीपीयू (म्हणजे प्रोसेसर, लॅपटॉपचा मेंदू), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क आणि नेटवर्क. लॅपटॉप ज्या वेळी रखडतो त्याच वेळी हे आकडे बघायचे. निवांत असताना बघून काही कळत नाही.

डिस्क ९०-१०० टक्क्यांवर चिकटून बसली असेल आणि बाकीचे आकडे कमी असतील, तर बहुधा आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे. मेमरी ८५-९० च्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. सीपीयू सतत शंभरच्या आसपास असेल तर त्या रकान्याच्या नावावर क्लिक करा, म्हणजे सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येईल. आणि चारही आकडे कमी असून लॅपटॉप तरीही रखडत असेल, तर उष्णता किंवा चार्जर यांच्यावर संशय घ्या. त्यांचे प्रश्न खाली आहेत.

दुरुस्तीला देतानाही ‘स्लो झालाय’ एवढंच सांगू नका. ‘चालू होताना डिस्क शंभर टक्के दाखवतोय’ असं सांगितलं, की समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या भाषेत बोलायला लागतो.

चालू व्हायला इतका वेळ लागतो की चहा करून पिऊन होतो. काय कारण?

दोन कारणं असतात आणि बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतात.

पहिलं म्हणजे, सुरू होताना आपोआप उठणारे प्रोग्रॅम. प्रिंटरचं सॉफ्टवेअर, टीम्स, स्काइपचे जुने अवशेष, गेमचे लाँचर, टॉरेंट, एखाद्या परीक्षेसाठी कधीतरी टाकलेलं काहीतरी. टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ किंवा ‘स्टार्टअप’ नावाचा भाग आहे. जे रोज लागत नाही त्यावर राइट क्लिक करून ‘डिसेबल’ करा. याने प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त आपोआप उठत नाही. अँटिव्हायरस, टचपॅड आणि आवाजाची ड्रायव्हरं (ते भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) यांना हात लावू नका. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर रोज लागत असेल तर तेही राहू द्या.

दुसरं, आणि मोठं, कारण म्हणजे हार्ड डिस्क. लॅपटॉपमधल्या बहुतेक हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० वेळा फिरणारी तबकडी असते आणि तिच्यावर एक टोक मागं-पुढं सरकत माहिती वाचतं. मोठी एकसलग फाइल असेल तर हे बरं चालतं. पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली वेगवेगळ्या जागांवरून उचलते. त्या टोकाला सेकंदाला जेमतेम शंभरेक अशा उड्या जमतात. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारा भागच नसतो, त्यामुळे तेच काम सेकंदाला हजारोंनी होतं. म्हणूनच २०१५-१६ चा आय-थ्री किंवा आय-फाइव्ह लॅपटॉप नुसती एसएसडी बसवल्यावर ओळखू येत नाही. जुन्या लॅपटॉपवर एकच खर्च करायचा असेल तर तो हाच, असं माझं स्पष्ट मत आहे.

आत हार्ड डिस्क आहे की एसएसडी, लॅपटॉप न उघडता कसं कळेल?

टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’वर जा आणि डावीकडे ‘डिस्क ०’ बघा. तिथं एचडीडी (म्हणजे हार्ड डिस्क) किंवा एसएसडी असं लिहिलेलं असतं. दोन डिस्क दिसल्या तर विंडोज कुठल्या डिस्कवर आहे तेही बघा. एसएसडी रिकामी पडलेली आणि विंडोज हार्ड डिस्कवर, असे लॅपटॉपही सापडतात.

एसएसडी कुठली आणि किती जीबीची घ्यावी?

आधी तुमच्या लॅपटॉपमध्ये कुठली बसते ते बघा. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा (जोडणीची जुनी पद्धत) एसएसडी बसते, हार्ड डिस्क काढून त्याच जागी. तिचा वेग सेकंदाला ५०० एमबीच्या थोडा वर जातो. नव्या लॅपटॉपमध्ये च्युइंग गमच्या पट्टीएवढी एम-टू एसएसडी असते. तिच्यातही दोन जाती आहेत, साटा आणि एनव्हीएमई (जोडणीची नवी पद्धत). दिसायला सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. मॉडेल नंबर घेऊन जा आणि दुकानदाराला उघडून बघायला सांगा.

एनव्हीएमई कागदावर कितीतरी पट वेगवान असली, तरी टॅली, वर्ड, क्रोम असल्या कामात साटा आणि एनव्हीएमईमधला फरक हाताला फारसा लागत नाही. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येण्याची उडी हीच खरी. जुन्या लॅपटॉपमध्ये साटाच बसत असेल तर हळहळू नका.

आकार म्हणाल, तर विंडोज, ऑफिस आणि हिशेबाच्या कामाला २५६ जीबी पुरते. लग्नाचे फोटो-व्हिडिओ ठेवणार असाल किंवा इंजिनिअरिंगची सॉफ्टवेअर असतील तर ५१२. एसएसडी काठोकाठ भरली की तिचाही वेग पडतो, तेव्हा १५-२० टक्के जागा कायम मोकळी राहील असा हिशेब धरा.

ऑनलाइन हजार-पंधराशेत दोन टीबीची एसएसडी दिसली तर लांब राहा. आत खरी जागा कितीतरी कमी असते आणि तिच्या आतलं सॉफ्टवेअर (फर्मवेअर) खोटा आकडा दाखवतं. जागा संपली की ती आधीच्या फाइलींवरच लिहायला लागते. नावाजलेल्या कंपनीच्या एसएसडीला तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असते. पक्कं बिल घ्या.

जुनी हार्ड डिस्क काढली तर माझा डेटा, टॅली, मराठी फाँट यांचं काय होणार?

दोन वाटा आहेत. एक म्हणजे क्लोन: जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या एसएसडीवर. सगळं जसंच्या तसं राहतं, कचऱ्यासकट. दुसरी म्हणजे विंडोज नव्याने टाकणं आणि डेटा मागाहून आणणं. जुनी डिस्क निरोगी असेल आणि तुमच्याकडे खूप सॉफ्टवेअर असतील तर क्लोन सोयीचं. व्हायरस, अर्धवट काढलेली सॉफ्टवेअर, वर्षानुवर्षांचा गाळ असेल तर नव्याने टाकलेलं बरं.

नव्याने टाकायचं ठरलं तर आधी या गोष्टी बघा. टॅलीचं लायसन्स त्या मशीनवरून ‘सरेंडर’ करा, नाहीतर नंतर चालू करताना अडकाल. टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते टॅलीच्या आतूनच बघून घ्या. तो बऱ्याचदा सी ड्राइव्हवरच असतो आणि ‘डी ड्राइव्हचा बॅकअप घेतला’ म्हणणारे तिथंच फसतात. जीएसटीसाठी डिजिटल सिग्नेचरचं टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर परत टाकावा लागतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइली असतील तर ते फाँट आधी कॉपी करून ठेवा. नाहीतर ग्रामपंचायतीचा ठराव उघडाल आणि समोर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल.

विंडोजच्या लायसन्सची काळजी करू नका. विंडोज १० आणि ११ चं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी (आतल्या मुख्य बोर्डशी) जोडलेलं असतं. डिस्क बदलली तरी तीच आवृत्ती टाकून इंटरनेट जोडलं की ते आपोआप चालू होतं.

नव्या लॅपटॉपमध्ये आणखी एक खाचखळगा आहे: बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय. डिस्क कुलूपबंद असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. स्क्रू उघडण्याआधी ती बघून कागदावर लिहून ठेवा. पोराने कॉलेजात असताना कुठल्यातरी ईमेलवरून अकाउंट काढलेलं असतं आणि तो ईमेल आता कुणाच्याच लक्षात नसतो, हे फार वेळा होतं.

रॅम वाढवू की एसएसडी टाकू?

दोन्हींचं काम वेगळं आहे. हरिपूरला हळद पेवात साठवायचे, जमिनीखाली, शेकडो पोती. पण सौदा करायचा तर माल वर काढून समोर पसरावा लागतो. डिस्क म्हणजे पेव आणि रॅम म्हणजे ती समोरची मोकळी जागा. जागा लहान असेल तर एक पोतं आत टाकून दुसरं वर काढायची कसरत सारखी चालते. रॅम कमी पडली की विंडोज नेमकं हेच करते, रॅममधला माल डिस्कवर ठेवते आणि लागेल तसा परत आणते. त्यात डिस्क जुनी फिरणारी असेल तर माउसचा बाणसुद्धा अडखळतो.

चार जीबी रॅमवर विंडोज १० किंवा ११ चालू होते, पण क्रोममध्ये चार-पाच टॅब आणि एक्सेल एकत्र उघडलं की संपलं. आठ जीबी हे आजचं किमान माप समजा. व्हिडिओ एडिटिंग, ऑटोकॅड, प्रोग्रॅमिंग असेल तर सोळा. हार्ड डिस्क आणि चार जीबी अशी जोडी असेल आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी एसएसडी टाका, कारण तिचा उपयोग रॅम कमी असतानाही होतो.

घेताना जात बघा. डीडीआर-थ्री, फोर आणि फाइव्ह एकमेकींच्या खोबणीत बसत नाहीत. टास्क मॅनेजरच्या ‘मेमरी’ भागात किती खोबणी आहेत आणि किती वापरात आहेत ते लिहिलेलं असतं. हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, ती वाढत नाही. आणि ‘सिस्टिम टाइप’मध्ये ३२-बिट असं लिहिलं असेल तर आठ जीबी टाकूनही चार जीबीच्या आतलीच वापरली जाईल, आधी ६४-बिट विंडोज टाकावी लागेल.

दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा, सगळं ठीक होईल. खरं का?

कधीकधी. व्हायरस किंवा बिघडलेल्या विंडोजमुळे स्लो असेल तर फॉरमॅटने फरक पडतो. पण हार्ड डिस्क आणि चार जीबी रॅम तशीच ठेवून फॉरमॅट मारला तर दोन-तीन आठवडे बरं वाटतं, मग अपडेट येतात, तुम्ही सॉफ्टवेअर टाकता आणि पहिल्यासारखं होतं. प्रत्येक दुखण्यावर फॉरमॅट सांगणाऱ्याला ‘का?’ एवढंच विचारा. उत्तर मिळालं तर माणूस जाणकार आहे.

घरच्या घरी करायचं तर विंडोजमध्येच ‘रीसेट धिस पीसी’ आहे. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर तुमच्या फाइली राहतात, सॉफ्टवेअर मात्र जातात. तरीही आधी बॅकअप घ्या. लाइट मध्येच गेली आणि बॅटरी मेलेली असेल तर अर्धवट अडकाल, तेव्हा जतकडच्या वाडीवस्तीवर असाल तर हे काम लाइटचं वेळापत्रक बघून करा.

पीसी क्लीनर, बूस्टर, रजिस्ट्री क्लीनर असलं काही टाकू का?

नको. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सेटिंगची नोंदवही. ती साफ करून वेग वाढत नाही, आणि असली साधनं वापरण्याला स्वतः मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. चुकीची नोंद उडाली तर चालतं सॉफ्टवेअर बंद पडतं. फुकटच्या बूस्टरचा धंदा तुम्हाला ‘१२४३ एरर सापडल्या’ असं लाल अक्षरात दाखवून पैसे काढण्याचा असतो.

त्याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे स्क्रीनवर भोंगा वाजतो, ‘तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय, या नंबरवर फोन करा’. फोन करू नका आणि एनीडेस्क वगैरे टाकून कुणाच्या हाती स्क्रीन देऊ नका. ब्राउझर टास्क मॅनेजरमधून बंद करा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

मग सफाई करायचीच नाही का?

करा की, पण विंडोजच्याच साधनांनी. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, मग ‘टेम्पररी फाइल्स’. त्या यादीत ‘डाउनलोड्स’ पण असतं, त्यावर टिक करू नका. आपल्याकडे लोक आयुष्यभराची कागदपत्रं डाउनलोड्समध्येच ठेवतात: सातबारा, जातीचा दाखला, पोराची मार्कलिस्ट. सी ड्राइव्ह लाल झालेला असेल तर जागा केल्याने खरंच फरक पडतो. अर्धा रिकामाच असेल तर सफाईने वेग वाढणार नाही, मनाला तेवढं बरं वाटेल.

डिफ्रॅग्मेंट (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणं) फक्त हार्ड डिस्कसाठी असतं. एसएसडीची निगा विंडोज स्वतःच्या पद्धतीने आठवड्याला राखते, बाहेरचं डिफ्रॅगचं सॉफ्टवेअर तिच्यावर चालवून तिची झीज करू नका. प्रीफेच फोल्डर रिकामा करायचा सल्ला व्हिडिओत सर्रास देतात. तो विंडोजने प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून ठेवलेला असतो, पुसला की उलट पुढच्या वेळी उशीर होतो.

दोन अँटिव्हायरस टाकले तर जास्त सुरक्षित नाही का?

दोघंही प्रत्येक फाइल तपासणार, एकमेकांचीसुद्धा. लॅपटॉप मात्र मरतो. विंडोजमधला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर घरगुती वापराला पुरेसा आहे. नवा लॅपटॉप घेताना सोबत आलेल्या ट्रायल अँटिव्हायरसची मुदत संपली असेल तर तो रीतसर अनइन्स्टॉल करा. डिफेंडर आपोआप चालू होईल.

क्रॅक केलेली सॉफ्टवेअर हे मात्र खरं विष आहे. पेन ड्राइव्हवरून होस्टेलभर फिरणाऱ्या क्रॅकमध्ये पुष्कळदा गुपचूप आभासी चलन खणणारा प्रोग्रॅम असतो. सीपीयू विनाकारण ८० टक्के दाखवत असेल आणि पंखा थांबतच नसेल तर आधी तिकडं बघा.

फक्त क्रोम स्लो आहे, बाकी ठीक चालतं.

एक्स्टेन्शन, म्हणजे क्रोमला जोडलेली छोटी जादा सॉफ्टवेअर बघा. कूपनवालं, पीडीएफवालं, व्हिडिओ डाउनलोडवालं, जे तुम्ही टाकल्याचं आठवतही नाही ते काढा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली ‘मेमरी सेव्हर’ आहे, तो चालू करा. न वापरलेले टॅब तो झोपवतो. कोपऱ्यात सारख्या जाहिराती येत असतील तर ते व्हायरसचं लक्षण असेलच असं नाही. बहुतेक वेळा कधीतरी एखाद्या साइटला ‘अलाउ’ म्हटलेलं असतं. साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सखाली जाऊन अनोळखी नावं काढून टाका.

प्रवेशाचा फॉर्म भरताना लॅपटॉप अडकतो, सातबाऱ्याची साइट उघडत नाही. लॅपटॉपच खराब आहे ना?

तीच साइट मोबाइलवर मोबाइलच्या नेटने उघडून बघा. तिथंही गोल-गोल फिरत असेल तर लॅपटॉप निर्दोष आहे. शेवटच्या तारखेला सगळा महाराष्ट्र त्याच साइटवर असतो. रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करा.

लॅपटॉप तापतो, पंखा ओरडतो आणि दुपारी जास्तच स्लो होतो.

हा आपल्या भागातला खास प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

प्रोसेसरचं तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच पाडतो. सकाळी झकास चालणारा लॅपटॉप एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये रडतो तो त्यामुळे. बाहेर चाळीसच्या आसपास असताना पंखा आत ढकलतो ती हवाच गरम असते.

त्यात धूळ. लॅपटॉपच्या पंख्यापुढं तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पात्यांची जाळी असते. तिच्यात धूळ बसून नमद्यासारखा थर तयार होतो आणि हवा बाहेरच पडत नाही. मार्केट यार्डात हळदीच्या दुकानात वापरलेल्या लॅपटॉपमध्ये पिवळा थर, गिरणीशेजारी पिठाचा, कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीच्या आसपास काळा. काळ्या थराची भीती जास्त, कारण त्यात धातूचे कण असू शकतात आणि धातूतून वीज वाहते. अशा ठिकाणी वर्षातून एकदा आतून सफाई करून घ्या. घरात, ऑफिसात दोन वर्षांनी चालेल.

तासगाव, कवठेमहांकाळकडच्या बेदाणावाल्यांसाठी वेगळी सूचना. गंधकाची धुरी देता त्या शेडमध्ये लॅपटॉप ठेवू नका. गंधकाच्या वाफा ओलाव्याबरोबर तांब्या-चांदीचे जोड काळे पाडतात. मग रॅम सैल लागल्यासारखं होतं, लॅपटॉप मध्येच हँग होतो आणि सॉफ्टवेअरमध्ये कितीही शोधलं तरी काही सापडत नाही. हिशेब शेडमध्ये वहीत लिहा, लॅपटॉप घरी.

घरी करण्यासारखं: गादीवर, उशीवर ठेवून वापरू नका, खालची जाळी झाकली जाते. बंद करून, चार्जर काढून, बाहेर हवा सोडणाऱ्या फटीत ब्लोअर मारता येतो, पण पंखा सुसाट फिरू देऊ नका. त्याचं बेअरिंग जातं. पाच-सहा वर्षं झाली असतील तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही (उष्णता पुढं नेणारा लेप) सुकलेली असते. ती बदलणं जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. खर्च थोडा, फरक मोठा.

चार्जर काढला की स्लो, लावला की बरा. किंवा नेमकं उलट.

बॅटरीवर असताना विंडोज मुद्दाम जपून चालते. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग ‘पॉवर’, तिथं ‘पॉवर मोड’ असतो. चार्जर लावलेला असताना ‘बेस्ट परफॉर्मन्स’ ठेवा.

चार्जर लावूनही स्लो असेल तर चार्जर तपासा. हरवलेल्या चार्जरच्या जागी बाजारातला ‘पिन बसतेय ना, झालं’ असला चार्जर आणला, की काही लॅपटॉप तो ओळखत नाहीत आणि सीपीयूचा वेग कायम खाली ठेवतात. मूळ चार्जर ६५ वॉटचा असेल तर ४५ वॉटचा चालवून घेऊ नका.

टचपॅड वर आलंय, झाकण नीट बसत नाही, खालचा पत्रा फुगलाय असं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. तेव्हा वेगाचा विचार सोडा. चार्जिंग बंद करा आणि बॅटरी बदलून घ्या. टोचायची, दाबायची नाही.

डिस्क सारखी १०० टक्के आणि आतून टिक-टिक आवाज येतो.

बाकी सगळं थांबवा आणि आधी डेटा बाहेर काढा. ही डिस्क जायच्या वाटेवर आहे. अशा डिस्कवर स्कॅन, डिफ्रॅग, फॉरमॅट काहीही चालवू नका. जितकी ती फिरेल तितकी बिघडेल. आवाज नसेल पण संशय असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. ‘कॉशन’ दिसलं तर त्याच दिवशी बॅकअप.

मी रोज रात्री शटडाउन करतो, तरी आठवड्याने स्लो होतो. असं का?

विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. त्यामुळे शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उघडतो, कालच्या अडचणींसकट. ‘रीस्टार्ट’ केलं तरच सगळं कोरं होतं. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा. ऐकायला फालतू वाटतं, पण दुकानापर्यंतच्या निम्म्या खेपा वाचतील.

अपडेट कायमचे बंद करू नका. महिनाभर लॅपटॉप बंद ठेवून उघडला की पहिला तासभर तो अपडेटमध्येच गुंतणार. त्याला ते करू द्या आणि रीस्टार्ट करा.

विंडोज १० वर आहे. ११ टाकली तर वेग वाढेल का?

वाढणार नाही, पण प्रश्न सुरक्षेचा आहे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना नाव नोंदवून सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आय-फाइव्हपुढचा आकडा ८२५० असेल तर आठवी पिढी, ७२०० असेल तर सातवी. अटी चुकवून जुन्या मशीनवर ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत. ज्या लॅपटॉपवर बँकेचे आणि जीएसटीचे व्यवहार होतात त्यावर त्या करू नयेत.

आजोबांना फक्त बातम्या, यूट्यूब आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब लागतं. लॅपटॉप जुना आहे.

मग विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाका. फुकट आहे, हलकं आहे. त्यातही ‘एक्सएफसीई’ नावाची आवृत्ती जुन्या मशीनला जास्त मानवते. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात असतोच. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर लागतात का ते बघता येतं, आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. टॅली किंवा डिजिटल सिग्नेचर लागत असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका.

महापुरात भिजलेला लॅपटॉप वाळवल्यावर चालू झाला, पण हळू आहे.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर असे बरेच लॅपटॉप कपाटातून बाहेर आले. कृष्णेच्या पाण्याबरोबर गाळ येतो, तो वाळला तरी बोर्डवर राहतो आणि गंज सुरू असतो. आज चालतोय म्हणून त्यात पैसे घालू नका. डेटा काढून घ्या आणि त्याला निवृत्त करा.

छोटा, स्वस्त लॅपटॉप आहे, ६४ जीबीचा. त्याचा वेग वाढेल?

त्यात बहुधा ईएमएमसी साठवण असते, बोर्डलाच चिकटलेली, रॅमही तशीच. बदलता काही येत नाही. सी ड्राइव्ह रिकामा ठेवा, एका वेळी एकच काम करा. याच्यापलीकडं काही नाही, आणि कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला काहीतरी विकतोय.

जुन्यावर खर्च करू की नवा घेऊ?

माझा हिशेब असा: स्क्रीन, बिजागरी आणि कीबोर्ड शाबूत असतील आणि आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर असेल, तर एसएसडी आणि रॅम डोळे झाकून टाका, आणखी चार वर्षं काढेल. पाचवी-सहावी-सातवी पिढी असेल तर फक्त एसएसडी, आणि तीही काम हलकं असेल तरच. त्याआधीचं असेल, किंवा बॅटरी, बिजागरी, चार्जिंग पिन असं दोन-तीन ठिकाणी मोडलेलं असेल, तर ते पैसे नव्याकडं वळवा. एसएसडी तेवढी घेऊन ठेवलेली असेल तर ती जिथं बसते त्या दुसऱ्या लॅपटॉपमध्ये वापरता येते.

दुरुस्तीला देताना काय बघू?

बॅकअप स्वतः घ्या, त्यांच्यावर सोपवू नका. आतल्या रॅमचा आणि डिस्कचा आकडा टास्क मॅनेजरमध्ये दाखवून मोबाइलवर फोटो काढा, परत घेताना तोच आकडा बघा. पासवर्ड द्यावाच लागला तर काम झाल्यावर बदला. आणि एसएसडी बसवून घेतलीत तर जुनी हार्ड डिस्क मागून घ्या. ती तुमची आहे, तिच्यात तुमचे कागद आहेत, आणि निरोगी असेल तर छोट्या यूएसबी केसमध्ये घालून तीच बॅकअपला वापरता येते.